घरच्या माणसाला मनातले लिहून कसे सांगावे

विदर्भातल्या खेड्यात प्रेम बहुतेक वेळा कामाच्या रूपाने दिसते. रात्रपाळीची वीज आली की मोटर सुरू करायला निघालेल्या नवऱ्याच्या हाती बायको टॉर्च देते आणि ‘पायाखाली पाहून जाजा’ एवढेच म्हणते. मुलगा पुण्याकडच्या कंपनीत लागला की वडील फोनवर पगार, पाऊस आणि सोयाबीनचा भाव एवढे विचारून फोन त्याच्या आईकडे देतात. ऐकणाऱ्याला त्यातला अर्थ कळतो आणि एरवी त्यावर संसार नीट चालतोही. मात्र आयुष्यात काही गोष्टी अशा येतात की त्या टॉर्च देऊन किंवा डबा बांधून सांगता येत नाहीत: झालेले कर्ज, मनाने केलेली जोडीदाराची निवड, फार दिवसांचा राग, किंवा नुसती कृतज्ञता, जी वीस वर्षे ओठांपर्यंत येऊन परत गेलेली असते. दोन खोल्यांच्या घरात, सासू-सासरे, लेकरे आणि येणारे-जाणारे यांच्यामध्ये या गोष्टी बोलायला एकांत मिळत नाही, आणि मिळालाच तर शब्दाला शब्द वाढतो. अशा वेळी लिहिणे उपयोगी पडते. ते कसे करावे, याची ही रीत आहे.

‘आम्हाला लिहिता येत नाही’ ही सबब प्रथम बाजूला ठेवावी. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की घरात चार शब्द न बोलणारा माणूस खड्या आवाजात झडती, म्हणजे यमकात बांधलेले बोल, म्हणतो, सरकारपासून सावकारापर्यंत सगळ्यांना टोमणे मारतो आणि यमक चुकू देत नाही. भुलाबाईच्या गाण्यांतून मुली सासरची थट्टा करतात. लग्नाच्या पंगतीत नवरी उखाण्यात नवऱ्याचे नाव गुंफते. पूर्वेकडे, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या धानाच्या जिल्ह्यांत, दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाहून आलेल्या कंपनीच्या नाटकात नायक-नायिकेची ताटातूट झाली की मंडपातले पुरुष उपरण्याने डोळे पुसतात आणि पहाटे फटफटीवर मागे बसलेल्या बायकोशी घरापर्यंत एक शब्द बोलत नाहीत. भाषा आणि भावना दोन्ही त्यांच्यापाशी आहेत. अडचण एवढीच की या सगळ्या प्रकारांत समोर गाव असते आणि बोल ठरलेल्या चालीवर येतात. एका माणसाला उद्देशून, आपल्या बेताने, आपल्या गोष्टी सांगण्याची सवय नसते.

लिहिण्याआधी काय ठरवावे

एका पत्रात एकच गोष्ट सांगावी. बायकोचे आभार मानायचे असतील तर त्यात तिच्या भावाने न फेडलेल्या उसनवारीचा विषय आणू नये. वडिलांना आपल्या लग्नाविषयी सांगायचे असेल तर शेतीच्या वाटणीचा उल्लेख करू नये, कारण वाचणारा त्या एका ओळीवर अडतो आणि उरलेले पत्र त्याच्यासाठी संपते. आपल्याला नेमके काय सांगायचे आहे ते एका वाक्यात स्वतःशी म्हणून पाहावे. ते वाक्य सापडत नसेल तर आणखी आठ-चार दिवस थांबलेले बरे.

दुसरे, पत्राने काय व्हावे अशी आपली अपेक्षा आहे हेही ठरवावे. फक्त कळावे एवढीच इच्छा असेल तर तसे लिहावे. उत्तर, निर्णय किंवा परवानगी हवी असेल तर तेही उघड लिहावे. आडून आडून सुचवायचे आणि समोरच्याने ओळखले नाही म्हणून रुसायचे, ही आपल्याकडची जुनी खोड आहे आणि कागदावर ती अधिकच गैरसोयीची ठरते, कारण वाचणाऱ्यासमोर आपला चेहरा नसतो.

काही वेळा मुळीच लिहू नये. घरात मृत्यू झालेला असताना, दारू उतरलेली नसताना, किंवा भांडण होऊन एक रात्रही गेली नसताना लिहिलेले पत्र फाडावे लागते, आणि हातून गेले असेल तर फाडताही येत नाही. वेळ निवडताना शेतीचे दिवस पाहावेत. मृगाच्या पहिल्या पावसानंतर पेरणीची घाई असते. पेरून झाल्यावर पावसाने ताण दिला तर घरातला कर्ता माणूस दिवसातून दहा वेळा आभाळाकडे पाहत असतो. त्या पंधरवड्यात त्याच्यापुढे मनातले काही ठेवू नये. पोळ्याच्या आसपास डवरणी-निंदण आटोपलेले असते आणि माणसे जरा निवांत असतात. पहिल्या वेचाईचा कापूस विकून उधारी चुकती झाल्यावरचे दिवसही चांगले. हा व्यवहार वाटेल, पण वाचणाऱ्याचे मन जाग्यावर असताना त्याला गाठणे हा त्याचा मान राखण्याचाच भाग आहे.

आधी साठवण, मग लेखन

चांगले पत्र बसल्या बैठकीला सुचत नाही. ज्या माणसाला लिहायचे आहे त्याच्याकडे आठवडाभर नीट पाहावे आणि दिसेल ते वहीच्या मागच्या पानावर टिपावे: तो काय करतो, कशाला हात लावतो, काय बोलायचे टाळतो, कोणत्या गोष्टीवर हसतो. मग आठवणींकडे वळावे. कोणत्या साली, कोणत्या जागी, कोणते शब्द. ‘तू माझ्यासाठी खूप केलेस’ हे वाक्य कोणीही कोणालाही लिहू शकतो. म्हणूनच ते वाचून कोणाच्या पोटात काही हलत नाही.

या रीतीचा मराठीतला सर्वांत जुना आणि मोठा दाखला विदर्भातलाच आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांच्या अनुयायांना त्यांच्या आठवणींवाचून दुसरे काही उरले नव्हते. तेराव्या शतकात, आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूर येथे, त्यांतल्याच म्हाइंभटांनी त्या आठवणी जमवून लीळाचरित्र सिद्ध केले. त्यासाठी ते ज्यांनी स्वामींना पाहिले होते अशा माणसांकडे गेले, ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्याकडून घेतले आणि एकाच प्रसंगाविषयी दोघांचे सांगणे जुळले नाही तर तोही भेद नोंदवला. त्या ग्रंथात तत्त्वज्ञान आहेच, पण पानोपानी स्वामी कोठे उतरले, काय जेवले, कोणाला काय म्हणाले, कोणाच्या खोडीवर कसे हसले हेही आहे. मराठी गद्याचा आरंभ ज्या ग्रंथापासून मानतात तो असा गेलेल्या माणसावरच्या मायेतून झाला, आणि त्या मायेने मोठे शब्द शोधण्याऐवजी बारीकसारीक तपशील जपले. घरच्या पत्रासाठी यापेक्षा वेगळी शिकवण लागत नाही.

टिपणे जमली की त्यांतली तीन निवडावीत. तिन्ही अशी असावीत की त्या दोन माणसांखेरीज तिसऱ्याला ती लिहिताच आली नसती.

बोली की पुस्तकी?

ज्या बोलीत आपण त्या माणसाशी रोज बोलतो त्याच बोलीत लिहावे. वऱ्हाडी बोलणाऱ्या नवऱ्याने बायकोला ‘प्रिये, तुझ्या सहवासात’ असे लिहिले तर ती प्रथम घाबरेल आणि मग हसेल. दोन नमुने शेजारी ठेवून पाहावेत. एक मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरासारखा:

‘तू माझ्या जीवनात आलीस आणि माझे जीवन सुगंधित झाले. तुझ्याशिवाय मी अपूर्ण आहे.’

आणि दुसरा असा:

‘मागच्या वैशाखात माय दवाखान्यात होती, तवा तू तिच्या खाटेखाली सतरंजी टाकून झोपत होती. मी डबा ठेवून वावरात निघून जात होतो. तुले एक दिवसही म्हटलं नाही का आज तू घरी जाय, मी थांबतो. माय आता अंगणात चालून राह्यली ना, ते पाह्यलं का मले तुही ती सतरंजी आठवते.’

दुसऱ्या नमुन्यात प्रेम हा शब्द कोठेही नाही. त्यात एक महिना आहे, एक जागा आहे, एक वस्तू आहे आणि जे केले नाही त्याची कबुली आहे. बायकोने ती सतरंजी स्वतः अंथरलेली असल्यामुळे आपण जे सोसले ते कोणीतरी पाहत होते हे तिला कळते, आणि बहुतेक बायांना नवऱ्याकडून तेवढेच ऐकायचे असते.

वडीलधाऱ्यांना लिहिताना मात्र मायन्याची शिस्त पाळावी. ‘ती. बाबा यांस सा. न. वि. वि.’ या जुन्या सुरुवातीने लिहिणाऱ्याचा हात स्थिर होतो आणि वाचणाऱ्याला आपला मान राखला गेल्याची खात्री पटते, धाकट्यांना ‘चि.’ पुरेसे आहे. जी सून सासूला ‘आत्याबाई’ म्हणते तिने पत्रातही तसेच लिहावे. नवऱ्याला ‘अहो’ म्हणणाऱ्या बायकोने पत्रात एकाएकी नावाने हाक मारण्याची गरज नाही, पण तिला तसे करावेसे वाटत असेल तर पत्राइतकी निर्धोक जागा दुसरी नाही. मायना झाल्यावर मजकूर पुन्हा बोलण्याच्या सुरात यावा.

कच्चे लिहून दुसऱ्या दिवशी वाचावे. जे वाक्य आपण कोठेतरी वाचलेले आहे असे वाटेल ते काढावे. ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे शब्द तक्रारीत आले असतील तर त्यांच्या जागी एक विशिष्ट दिवस लिहावा, कारण ‘तुम्ही माझे कधीच ऐकत नाही’ याला लगेच प्रत्युत्तर येते आणि ‘पाहुणे आले त्या दिवशी मी बोलत असताना तुम्ही उठून गेलात’ याला येत नाही. शेवटी पत्र हळू आवाजात स्वतःला वाचून दाखवावे. जेथे जीभ अडखळते तेथे बहुधा खोटे किंवा उसने काहीतरी आहे.

कर्जाची गोष्ट सांगणारे पत्र

प्रेमाविषयीच्या लेखात कर्ज कशाला, असे कोणी विचारील. कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर जगणाऱ्या घरात नवरा-बायकोच्या मनात जे सर्वांत मोठे अंतर पडते ते पुष्कळदा न सांगितलेल्या आकड्यामुळे पडते, म्हणून या पत्राकडे जरा सविस्तर पाहतो. माणूस आकडा पोटात ठेवतो आणि आपण घरच्यांना काळजीपासून वाचवतो आहोत असे समजतो. बायकोला फक्त त्याची चिडचिड, जागरण आणि दार वाजले की दचकणे दिसते, आणि त्याचा अर्थ ती आपल्या परीने लावते, जो बहुतेक वेळा खऱ्या आकड्याहून वाईट असतो.

या पत्राची सुरुवात आकड्याने करावी. दोन पाने क्षमा मागून तिसऱ्या पानावर आकडा लिहिला तर वाचणारीचा जीव तोवर टांगणीला लागतो. एकूण किती देणे आहे ते पहिल्या चार ओळींत लिहावे आणि मग एकेक हिशेब उलगडावा: बँकेचे किंवा सोसायटीचे पीक कर्ज किती, कृषी केंद्राची बियाणे-खताची उधारी किती, पतसंस्थेचा हप्ता किती, कोणा नातेवाइकाकडून हातउसने घेतले असेल तर ते किती. तिचे सोने गहाण ठेवले असेल तर ते याच पत्रात आणि स्पष्ट शब्दांत लिहावे: कोणता दागिना, कोठे, कधी आणि किती रकमेवर. तिची पोत डब्यात नाही हे तिला कपाट उघडल्यावर कळण्यापेक्षा आपल्या अक्षरातून कळलेले हजार पटींनी बरे.

प्रत्येक देण्यापुढे मुदतीची तारीख लिहावी. ही तारीख नुसती माहिती नसते. पीक कर्ज मुदतीत फेडले तर ३ लाख रुपयांपर्यंत केंद्राची व्याज सवलत मिळते, आणि तिच्या जोडीला राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची सवलत योजना असल्यामुळे शेतकऱ्यावर व्याजाचा भार उरत नाही. मुदत टळली की ही सवलत जाते. बायकोला तारीख माहीत असेल तर ती बचत गटातून, माहेरातून किंवा दोन पायल्या तूर आधी विकून वेळ साधू शकते, आणि हे मार्ग पुष्कळदा नवऱ्याच्या ध्यानातही नसतात. सावकाराकडून पैसे घेतले असतील तर त्याच्याकडे परवाना आहे की नाही तेही लिहावे. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ चा आहे, विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्याकडे, करता येते.

आकडे संपल्यावर मनातले लिहावे आणि ते थोडके असावे. आपल्याला कशाची भीती वाटते, रात्री झोप का येत नाही, आजवर का सांगितले नाही. ‘तू काळजी करू नको’ असे लिहू नये, ती करणारच. त्याऐवजी ‘आता पुढचा हिशेब दोघं मिळून करू’ असे लिहावे आणि कोणत्या संध्याकाळी बसायचे तेही सुचवावे.

आणि लिहिता लिहिता आपला हात निरोप घेण्याच्या भाषेकडे वळतो आहे, ‘माझ्यानंतर लेकरांकडे पाहा’ अशी वाक्ये येत आहेत असे दिसले, तर लेखणी तेथेच ठेवून घरातल्या कोणाला तरी त्याच क्षणी हाक मारावी किंवा १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीच्या, क्रमांकावर फोन लावावा. हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. घरच्यांना असे पत्र सापडले तर ‘रागाच्या भरात लिहिलं असेल’ म्हणून ते बाजूला ठेवू नये, आणि त्या माणसाला एकट्याला सोडू नये.

आपली निवड वडिलांना कळवताना

मुलाने किंवा मुलीने आपला जोडीदार स्वतः निवडला असेल तर पत्राचा उपयोग एवढाच की वडिलांना पहिला धक्का एकांतात पचवता येतो. समोरासमोर सांगितले तर त्यांना तेथल्या तेथे काहीतरी बोलावे लागते, आणि एकदा ‘नाही’ तोंडातून गेले की ते मागे घेणे जिवावर येते. म्हणून पत्र द्यावे आणि दोन दिवस उत्तर मागू नये. आईला आधी सांगून तिच्या तोंडून वडिलांपर्यंत गोष्ट पोहोचवण्याची चाल सर्रास दिसते. माझ्या मते ती आईवर अन्याय करते, कारण पुढे वर्षभर ‘तुला माहीत होतं’ हे बोलणे तिलाच खावे लागते.

पत्रात त्या व्यक्तीचे नाव, शिक्षण, काम, गाव, घरची माणसे आणि जात हे सगळे सरळ लिहावे. जात लपवली तर ती चार दिवसांत कळतेच आणि मग लपवण्याचाच मुद्दा होतो. नंतर त्या व्यक्तीचे दोन-तीन प्रसंग लिहावेत, ज्यांतून तिचा स्वभाव दिसेल. अभ्यासिकेत भरतीची तयारी करताना आपण नापास झालो तेव्हा तिने काय केले, हे वडिलांना ‘ती खूप चांगली आहे’ या वाक्यापेक्षा अधिक सांगून जाते. वडिलांची भीती काय असेल तेही आपणच लिहून टाकावे: धाकट्या बहिणीचे लग्न कसे जुळेल, भावकी काय म्हणेल, पंगतीला कोण येईल. ती भीती आपल्याला कळते आहे हे दिसले की अर्धा राग खाली बसतो.

कायदा स्वतःला माहीत असावा. पत्रात त्याचा धाक घालू नये. मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा असेल तर आईवडिलांची संमती कायद्याने आवश्यक नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत आहे तेथील विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावली जाते, ३० दिवसांत वैध हरकत आली नाही तर तीन साक्षीदारांसमोर विवाह होतो आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत तो करावा लागतो. म्हणजे नोटीस लागल्यावर ती बातमी गावात पोहोचायला वेळ लागत नाही. वडिलांना ती आपल्या पत्रातून आधी कळावी की तहसीलच्या कट्ट्यावर बसणाऱ्या कोणाकडून, हा विचार लिहिण्याआधी करावा. जातपंचायत वाळीत टाकील या भीतीने घर गप्प होत असेल तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा आहेत, हे वडिलांना नंतर कधी शांतपणे सांगता येईल. आंतरजातीय विवाहासाठी मिळणाऱ्या ५०,००० रुपयांच्या सरकारी मदतीचा उल्लेख मात्र पत्रात चुकूनही करू नये. वडिलांना वाटेल की पोरगा पैशासाठी घोड्यावर बसतो आहे.

घरात मारहाणीची किंवा जिवाची भीती असेल तर हा सगळा सल्ला लागू नाही. तेथे आधी सुरक्षित जागी पोहोचावे, पोलिसांच्या तातडीच्या मदतीचा ११२ क्रमांक लक्षात ठेवावा, आणि पत्र मागाहून लिहावे.

जी व्यक्ती अजून आपली नाही

तिला एकदाच लिहावे. पत्र आखूड असावे, आपण कोण आणि काय वाटते एवढे त्यात असावे, आणि ‘उत्तर दिलं नाही तरी मी पुन्हा विचारणार नाही’ असे शेवटी लिहून तो शब्द पाळावा. उत्तर न येणे हेच उत्तर असते. नकारानंतरही पुन्हा पुन्हा लिहिणे, नवा नंबर घेऊन मेसेज करणे, बसथांब्यावर वाट पाहणे, हे चित्रपटात कितीही गोड दाखवले तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली तो पाठलागाचा गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मुलगी अठरा वर्षांची नसेल तर लिहूच नये. पत्र मैत्रिणीच्या हाती पाठवू नये. गावात त्याची चर्चा आधी पोहोचते आणि मुलीचे कॉलेज बंद होते.

कागद की मोबाइल?

रोजच्या बोलण्याला मोबाइल चांगला आहे, पण खेड्यात तो क्वचितच एकट्याचा असतो. लेकरू त्यावर खेळत असते, पुतण्या रिचार्ज मारून देतो, आणि मेसेजच्या पहिल्या दोन ओळी कुलूप न उघडताही पडद्यावर दिसतात. पाठवून मग खोडलेला व्हॉट्सॲप संदेश आपल्या जागी ‘खोडला आहे’ अशी खूण ठेवतो आणि ती खूण मूळ मजकुरापेक्षा जास्त प्रश्न उभे करते. दुसऱ्याने लिहिलेला मजकूर पुढे ढकलला तर त्यावर ‘फॉरवर्डेड’ अशी पाटी येते. लग्नाच्या वाढदिवशी बायकोला तसली कविता पाठवणाऱ्यांनी ही पाटी ध्यानात घ्यावी. बोलून टंकलेखन करण्याची सोय वापरली तर एकदा वाचून पाहावे, कारण यंत्र वऱ्हाडीतले ‘मले’ आणि ‘तुले’ आपल्या मर्जीने बदलते.

वाचता न येणाऱ्या आईसाठी किंवा आजीसाठी आवाजाचा संदेश हाच उत्तम मार्ग आहे, मात्र तो ओसरीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाजेल हे धरूनच बोलावे. तिला एकटीलाच ऐकवायचे असेल तर फोन करून ‘आत जाऊन लाव’ असे आधी सांगावे. कागदच पाठवायचा आणि तो दुसऱ्या कोणाला वाचून दाखवावा लागणार असेल, तर वाचणारे पोरगे कोण असेल याचा विचार करून लिहावे.

टपालाने पाठवायचे तर उघडे कार्ड टाळावे. ५० पैशांत ते जाते, पण वाटेत ते कोणीही वाचू शकते. अंतर्देशीय पत्र अडीच रुपयांत आणि बंद पाकीट ५ रुपयांत जाते, २० ग्रॅमपर्यंत, म्हणजे वहीची तीन-चार पाने सहज मावतात. पिन कोड न चुकता लिहावा. विदर्भातले सगळे पिन ४४ ने सुरू होतात, पण एकाच नावाची गावे दोन तालुक्यांत असतात आणि पत्र भलतीकडे जाते. पोहोचल्याची खात्री हवी असेल तर स्पीड पोस्ट करावे, कारण नोंदणी टपालाची वेगळी सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून त्यातच विलीन झाली आहे. गावातले शाखा डाकघर दिवसातून थोडेच तास उघडे असते, तेव्हा सकाळी जावे. वसतिगृहात किंवा कंपनीतल्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला पाठवताना पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव स्पष्ट असावे, म्हणजे खोलीतले सोबती ते थट्टेने उघडत नाहीत. एकाच घरात राहत असाल तर टपालाची गरज नाही. पत्र हातातच द्यावे. उशाखाली किंवा डब्यात ठेवलेले पत्र भलत्याच्या हाती लागल्याचे किस्से प्रत्येक गावात आहेत.

उत्तर आले नाही म्हणून तिसऱ्या दिवशी ‘वाचलं का?’ असे विचारू नये. पुष्कळ माणसे उत्तर लिहीत नाहीत, पण त्या आठवड्यात वागण्यात काहीतरी बदलते: न सांगता चहा येतो, वावरात जाताना कोणी सोबत निघते, किंवा वडील फोन आईकडे द्यायला उशीर करतात. लेखी उत्तर आले तर ते रेशन कार्ड आणि सातबाऱ्याच्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवावे. मातीच्या भिंतीतल्या कोनाड्यात वाळवी लागते आणि पावसाळ्यात शाई पसरते, म्हणून बॉलपेनने लिहिलेले बरे. ते पत्र पुढे कधी भांडणात पुरावा म्हणून काढू नये. आणि आपल्या पत्रावर गाव, तारीख आणि साल लिहावे, नाहीतर दहा वर्षांनी ते कोणत्या वर्षीच्या नापिकीतले होते हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.